वॉल्टरच्या बहिणीचं मृत्युपत्र

मेलेल्या इंग्रजांची मृत्युपत्रं शोधायची आणि त्यांच्या नकला मागवायच्या, हा सिंगापुरात माझा नऊ वर्षांचा उद्योग. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर "आणि वहिनी, तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की विचारणाऱ्याच्या हातातला समोसा तसाच राहायचा. आमचे हे आंग मो किओला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होते, त्यांचं काम एका शब्दात सांगून व्हायचं. मला मात्र जेवण संपेपर्यंत खुलासे करावे लागायचे. एका बाईंनी तर "म्हणजे ज्योतिष वगैरे?" असंही विचारलंय. आमची मुग्धा शाळेतल्या मैत्रिणींना इथला 'लाह' शेवटी लावून सरळ सांगायची, "माय मदर वर्क्स फॉर डेड पीपल लाह." तेव्हा आज काय ते सगळं लिहून टाकते, म्हणजे यापुढे मंडळाच्या फराळाला मला निवांत चकली खाता येईल.

मुंबईत फोर्टमध्ये एका सॉलिसिटरकडे मी चौदा वर्षं कारकून होते. मृत्युपत्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. ह्यांची बदली झाली आणि मी डिपेंडंट पासवर सिंगापूरला आले, तेव्हा ती किल्ली दुसरीच्या हातात देताना मला रडू आलं होतं हे आता कबूल करते. सहा महिने घरी बसले. पडदे शिवले, ते उसवून पुन्हा शिवले. मग लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचणारी व्यक्ती हवी आहे.

चिठ्ठी मिस लिम यांची होती. वय साठीच्या पुढे, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. आयुष्यभर वकिलाच्या ऑफिसात काम करून निवृत्त झाल्यावर त्यांनी सेरंगूनला चष्म्याच्या दुकानावरच्या दोन टेबलांच्या खोलीत हा व्यवसाय थाटला होता. गिऱ्हाइकं कोण? तर ज्यांच्या घराण्यात कुठेतरी एखादा इंग्रज आजोबा-पणजोबा आहे अशी युरेशियन कुटुंबं, काही ऑस्ट्रेलियाला गेलेले लोक, आणि अधूनमधून आपले देशी हौशी. मिस लिमनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. गिचमिड अक्षर, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. मी तो एका दमात वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून ये." कामाच्या परवानगीचं पत्र वगैरे सगळं त्यांनीच मिळवून दिलं.

आता धंदा समजावून सांगते. इंग्लंडात माणूस मृत्युपत्र करून मेला की ते कोर्टात सिद्ध करावं लागतं, त्याला प्रोबेट म्हणतात. अठराशे अठ्ठावन्नच्या आधी हे काम चर्चच्या कोर्टांकडे होतं, आणि अशी कोर्टं ढिगाने होती, त्यामुळे त्या काळातला माणूस शोधायचा तर आधी तो कुठल्या चर्चच्या हद्दीत मेला हे शोधा. त्यानंतरचं मात्र सगळं सरकारकडे, एका जागी. दरवर्षी त्या वर्षात सिद्ध झालेल्या मृत्युपत्रांची एक जाडजूड यादी निघते. आम्ही तिला पुस्तकच म्हणायचो, जरी ती आम्ही कॉम्प्युटरवर बघत असलो तरी. नाव, पत्ता, कधी वारला, कुठे वारला, प्रोबेट कोणाला मिळालं, एवढं चार ओळींत. ती नोंद सापडली की अर्ज करायचा आणि नक्कल मागवायची. सुरुवातीला हे टपालाने चालायचं, नंतर ऑनलाइन झालं. कामाचे दहा दिवस धरायचे.

नवशिका माणूस हमखास चुकतो तो वर्षात. यादी मेल्याच्या वर्षाची नसते, प्रोबेटच्या वर्षाची असते. माणूस डिसेंबरात गेला की नोंद पुढच्या पुस्तकात. वारसांनी आळस केला असेल तर पाच-सात पुस्तकं पुढे. तेव्हा मेल्याच्या सालापासून सुरू करायचं आणि चिकाटीने पुढे जात राहायचं. यात बुद्धी फारशी नाही, बूड स्थिर लागतं.

मी मात्र या चुकीने नाही, अस्सल मराठी चुकीने सुरुवात केली. आर्थर जॉर्ज अमुकतमुक नावाच्या एका गृहस्थाचा बाप शोधायचा होता. मी म्हटलं, त्यात काय, नावातच आहे, बापाचं नाव जॉर्ज. दोन आठवडे मी त्या आडनावाच्या एका जॉर्जच्या मागे लागले, त्याचं मृत्युपत्र मागवलं, आणि विजयी मुद्रेने ते मिस लिमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी विचारलं, "हाच बाप कशावरून?" मी म्हटलं, "मधलं नाव." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्यात मधलं नाव मामाचं असेल, राजाचं असेल, नाहीतर नुसतंच कानाला बरं वाटलं म्हणून असेल, हे मला कोणी सांगितलं होतं? तो जॉर्ज बिचारा आजन्म ब्रह्मचारी होता. मिस लिम पुढे कित्येक महिने कोणतंही मधलं नाव दिसलं की "शुभा, तुझा बाप आला" म्हणायच्या.

एक पुण्याचे मॅनेजर आले होते, त्यांना नाना म्हणू. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आलेली: पणजोबा एका साहेबाचे हेडक्लार्क होते आणि साहेबाने मरताना आपला बंगला पणजोबांच्या नावे केला होता, पण भाऊबंदांनी कागद दडवला. नाना म्हणाले, "मॅडम, मला बंगला नको, पण आमचे चुलते खोटे पडले पाहिजेत." साहेब सापडला. मृत्युपत्रात पणजोबाही सापडले, अगदी नावानिशी. साहेबाने त्यांना आपली छत्री दिली होती, "त्याने ती नेहमीच नीट सांभाळली म्हणून". नानांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "नाव तर आलं ना इंग्लंडच्या कोर्टात." त्यांनी ते पान फ्रेम करून घेतलं. चुलत्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

पण मी हे लिहायला बसले ते एडी आंटींसाठी.

डेस्मंड रोझारियो नावाचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले, पासष्टीचे. त्यांना त्यांच्या आईच्या वडिलांचं मृत्युपत्र हवं होतं. आई, म्हणजे एडिथ रोझारियो, त्र्याण्णव वर्षांच्या. सगळे त्यांना एडी आंटी म्हणत. त्यांची आई इथलीच युरेशियन, आणि वडील वॉल्टर पेंडलबरी, बंदरावर इंजिनिअर. लग्न झालेलं नव्हतं. एडी चार वर्षांची असताना वॉल्टर बोटीने मायदेशी गेला आणि परत आला नाही. पत्र नाही, काही नाही. आता आंटी पडल्या होत्या, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात होत्या, कंबरेचं हाड मोडलेलं. ऑपरेशन करायचं की नाही यावर विचार चालला होता. त्यांनी मुलाला एकच सांगितलं होतं: मरायच्या आधी मला कळू दे, त्या माणसाने मला मुलगी मानलं होतं का.

मिस लिमचा नियम असा, की गिऱ्हाइकाचा फॉर्म त्याच्यासमोर बसून भरायचा, आणि शेवटच्या रकान्यात घरात सांगितली जाणारी एखादी गोष्ट लिहून घ्यायची, खरी असो की खोटी. मी हॉस्पिटलात गेले. आंटी म्हणजे चिमुकला देह, पांढरेशुभ्र केस, उजवा कान पूर्ण बंद. डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं. मला, पंचावन्न वर्षांच्या बाईला, त्या "गर्ल" म्हणायच्या. (आमचं बोलणं इंग्रजीतच झालं, त्यांचा 'लाह' तेवढा मी ठेवतेय, नाहीतर मलाच त्या ओळखू येणार नाहीत.) शेवटच्या रकान्याचं विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू, गर्ल? माझी आई म्हणायची, तुझं नाव बोटीने आलं. काहीतरी बोलायची लाह." मी ते लिहून घेतलं आणि विसरले.

वॉल्टर दुसऱ्या दिवशीच सापडला. एडी नऊ वर्षांच्या असताना तो इंग्लंडात वारला होता. दहा दिवसांत नक्कल आली. मी इतकी खूश, की ती पिशवीत घालून सरळ नोव्हेना गाठलं. रेल्वेत वाचली होती, नाही असं नाही. परत गेल्यावर त्याने लग्न केलं होतं. सगळं बायकोला, तिच्यामागे दोन मुलांना. सिंगापूरचा उल्लेख नाही. एडीचा तर नाहीच. इथे कोणीही शहाणं माणूस थांबलं असतं. पण काम फत्ते केल्याची धुंदी असते ना, ती वाईट. आणि खरं बोलायचं ही माझी जुनी खोड. मी जाऊन त्यांच्या कानाशी सगळं वाचून दाखवलं, अगदी तारखेसकट.

आंटी म्हणाल्या, "असू दे, गर्ल. मला माहीतच होतं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

चार दिवसांनी डेस्मंडचा फोन आला. आईने ऑपरेशनच्या कागदावर सही करायला नकार दिलाय. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला तर त्या पुन्हा उठून बसणार नाहीत. जेवतही नाहीत. "ती म्हणते, कशाला उगाच, नो नीड आल्रेडी," एवढंच त्यांनी सांगितलं. मला एका शब्दानेही लावून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी फोन ठेवला आणि मिस लिमना सांगितलं. त्यांनीही दोष दिला नाही, नुसतं माझ्यासमोर कॉफी ठेवली. दोघं चांगली होती म्हणून माझी लाज काही कमी झाली नाही.

त्याच रविवारी आमच्या कॉन्डोत कुलकर्ण्यांच्या नातीचं बारसं होतं. खाली फंक्शन रूममध्ये पाळणा, फुगे, पन्नास माणसं. पंचाईत अशी, की बाळाची आत्या नाशकात, आणि तिला रजा मिळाली नव्हती. कुलकर्णी वहिनी अडून बसल्या, नाव आत्याच ठेवणार. मग व्हिडिओ कॉल लावला. लॅपटॉप पाळण्यात बाळाच्या कानाशी धरला. आत्याने तिकडून कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे म्हणून बायकांनी लॅपटॉपच्या पाठीवर हलकेच चापट्या मारल्या. सगळे हसत होते. कुलकर्णी काका माझ्याशेजारी उभे होते, म्हणाले, "बघा वहिनी, आमच्या नातीचं नाव समुद्र ओलांडून आलं."

माझ्या हातातली पेढ्याची बशी मी तशीच खुर्चीवर ठेवली. तुझं नाव बोटीने आलं. अहो, नाव पाठवणारं कोणीतरी असणार ना तिकडे. आणि आपल्याकडे बाळाचं नाव पाठवतं कोण?

सोमवारी मिस लिमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मान हलवली. "इंग्रजांत असला विधी नसतो." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पण आत्याचं नाव मुलीला देतात, हे मात्र खूप दिसतं." आम्ही जुनी जनगणना काढली. वॉल्टर पेंडलबरीचं घर सापडलं: आईबाप, वॉल्टर आणि दोन बहिणी. धाकटीचं नाव एडिथ मॉड. मी डेस्मंडना फोन करून विचारलं, आईचं पूर्ण नाव काय हो? ते म्हणाले, "एडिथ मॉड. का?" फॉर्मवर आम्ही नुसतं एडिथ लिहिलं होतं. पूर्ण नाव लिहून घ्यायचं, हे मुंबईच्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी शिकले होते.

धाकधूक एकच होती. तिने लग्न केलं असेल तर आडनाव बदललं, मग ती हरवलीच. मी वॉल्टरच्या मृत्यूच्या सालापासून एकेक पुस्तक उघडायला सुरुवात केली. दहा वर्षं गेली, वीस गेली. मधे युद्ध गेलं. पेंडलबरी बरेच मेले, एडिथ मॉड कुठे मरेना, आणि मी, आता आणखी जगू नकोस गं बाई, असं मनात म्हणत होते. एकतिसाव्या पुस्तकात ती सापडली. नावापुढे लिहिलं होतं, अविवाहिता.

अर्ज केला. दहा दिवस. डेस्मंडना म्हटलं, आईंना फक्त एवढं सांगा, शुभाचं काम अर्धंच झालंय, ती पुन्हा येतेय. यावर आंटींनी दोन चमचे पॉरिज, म्हणजे भाताची पेज, खाल्ली असं त्यांनी कळवलं. या दहा दिवसांत मी डेस्मंडना रोज फोन केला, आणि आमच्या ह्यांनी घरात मुकाट्याने माझ्या हातचं खारट वरण खाल्लं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी मी नंतर मिस लिमच्या नियमांत घालून घेतली. बापाचं मृत्युपत्र एकटं कधी हातात द्यायचं नाही. बायकोमुलांचा माणूस मृत्युपत्रात फार थोडं बोलतो, सगळं त्यांनाच आणि खाली सही. घराण्याची खरी खबर लागते ती बिनलग्नाच्या आत्यांकडे. त्यांना मोठी मालमत्ता नसते, पण एकेक वस्तू आठवून आठवून देतात: पुतणीला चहाची किटली, पुतण्याला बायबल, मोलकरणीला गरम कोट. आणि देताना कोण कोणाचं ते सांगतात. या नियमाने पुढे आम्ही कितीतरी तुटलेली घराणी जोडून दिली, आणि हा नियम माझा आहे, हे मी कोणालाही सांगते.

नक्कल आली तेव्हा मी ती तीनदा वाचली, मिस लिमनी दोनदा, आणि मग त्यांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर निघाल्या. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी त्यांनी कुलूप लावलेलं मी तेवढंच पाहिलं.

आंटी आणखी बारीक झाल्या होत्या. डेस्मंड खिडकीशी उभे. मी आंटींना आधी बारशाची गोष्ट सांगितली, लॅपटॉप आणि बुक्के धरून, कारण त्याशिवाय पुढचं कळलं नसतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग मी डाव्या कानाशी वाकले आणि सातवं कलम वाचलं.

"माझा कैलासवासी भाऊ वॉल्टर याची सिंगापूर येथे जन्मलेली मुलगी एडिथ मॉड, जिचं नाव त्याच्या विनंतीवरून मी ठेवलं, तिचा शोध लागल्यास, तिच्या वडिलांनी तिला मांडीवर घेतलेला, माझ्या पलंगाच्या वर टांगलेला फोटो तिला द्यावा."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "परत." मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना "त्याच्या विनंतीवरून" इथे त्यांनी माझं मनगट धरलं. "म्हणजे त्यानेच तिला लिहिलं होतं." मी म्हटलं, हो आंटी. "आणि मांडीवर." हो. "आणि ती रोज बघायची." रोज. मिस लिमनी खिडकीकडे बघत नाक शिंकरलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. तो फोटो आम्हाला मिळाला नाही. पुष्कळ पत्रं लिहिली, आत्याचं घरही कधीच गेलं होतं, आणि तिच्या वतीने कोणी सिंगापुरात शोध घेतला की नाही हेही कळलं नाही. त्या वेळी आंटी चाळिशीच्या होत्या, चांगल्या हिंडत्याफिरत्या. त्या वेळी तो त्यांच्या हातात पडायला हवा होता. हे मला आजही लागतं. वॉल्टरने चांगलं केलं असंही मी म्हणणार नाही. ज्याला बहिणीकडून नाव मागवता येतं त्याला मुलीला पत्रही लिहिता आलं असतं. पण आंटींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या कलमात होतं, आणि ते मी शोधून आणलं होतं.

तर, आंटींनी मला आणखी जवळ ये अशी खूण केली. मला वाटलं, चौथ्यांदा वाचायचंय. मी वाकले, तशी त्यांनी आपली एवढीशी मूठ वळली आणि माझ्या पाठीत हळूच दोन बुक्के घातले. "तुमच्यात असंच करतात ना?" मी म्हटलं, असंच. मग डेस्मंडकडे वळून म्हणाल्या, "त्या नर्सला बोलव. तो कागद आण म्हणावं."

नर्स कागद घेऊन आली. पाठीमागे उशी लावून आंटींना जरा वर केलं. त्यांनी चष्मा मागितला, पेन घट्ट धरलं आणि सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात सही केली: एडिथ मॉड पेंडलबरी.

नर्सने बघितलं. "आंटी, हे नाव तुमच्या ओळखपत्रावर, आयसीवर नाही ना. असं चालत नाही लाह."

"मग दुसरा कागद आण," आंटी म्हणाल्या.

दुसऱ्यावर त्यांनी मुकाट्याने एडिथ रोझारियो अशी सही केली. ऑपरेशन उशिरा का होईना, झालं. त्या पुढे चार वर्षं जगल्या, शेवटपर्यंत वॉकर घेऊन खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजाराला, कॉफीला जायच्या. पण त्या दिवशी, नर्स पहिला कागद फाडायला निघाली तेव्हा आंटींनी तो तिच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि माझ्याकडे दिला. "तुझ्या फाइलमध्ये ठेव, गर्ल."

नऊ वर्षांत मी शेकडो नकला मागवल्या, आणि सगळ्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. हा एकच कागद मी मागवलेला नव्हता, आणि तोच माझ्याकडे राहिला आहे.